फाइलसोबत बाबा

घर विकायचं ठरलं ते एका चहात. ताईने कागद पुढे केले, ढब्बूने चष्मा पुसला, बाबांनी सही केली आणि साखर कमी आहे म्हणाले. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती, एकट्या माणसाला घर मोठं पडत होतं, आणि घेणाऱ्याला बागेवर फरशी घालून आपल्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. एवढं घर गेलं, पण कोणाचा आवाज चढला नाही. भांडण लागलं ते फाइलीवरून.

फाइल ही बाबांची कल्पना. बाबा निवृत्त लिफ्ट-निरीक्षक. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्ट वर-खाली करून पाहिल्या आणि आत किती माणसं, किती वजन ते पाटीवर लिहून दिलं. सही केल्यावर ते खिडकीपाशी गेले, बागेकडे बघत राहिले आणि ढब्बूच्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, या बागेचं वजन किती होईल गं?"

"ओली का वाळवून, बाबा?"

ती कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं सांभाळायची. तिच्या दृष्टीने हा साधा कामाचा प्रश्न होता.

"वाळवून."

"मग एका फाइलीत मावेल."

बाबांनी त्याच दिवशी बाजारातली सगळ्यात जाड रिंगांची फाइल आणली. जेवताना त्यांनी जाहीर केलं की बागेतलं एकूण एक झाड या फाइलीत येईल, आणि फाइल ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी ते स्वतः जातील. "मी एकीकडे आणि फाइल एकीकडे, असं होणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

पानं-फुलं दाबायला वजन लागतं. आधी पुस्तकं ठेवून झाली, मग विटा, मग ढब्बू स्वतः प्लायवूडच्या फळीवर बसून वर्तमानपत्र वाचू लागला. तो लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. आता म्हणायला तसं वेगळं कारण लागत नव्हतं. पण दाबलेला नेचा कोपऱ्यात वाकडा निघाला. सूनबाई म्हणाली, वजन सगळीकडे सारखं पडायला हवं. ढब्बूचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि स्कूलकडे एकच गाडी होती. घरापासून फाटकाकडे उतरत जाणाऱ्या वाटेवर प्लायवूड अंथरलं, मध्ये टीपकागद आणि रद्दीच्या घड्या, त्यांत बाग, वर पुन्हा प्लायवूड, आणि त्यावर गाडीची पुढची चाकं चढवून ठेवली. गाडी फाटकाकडे घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाखाली एक वीट.

दर दोन दिवसांनी गाडी मागे घ्यायची, ओलसर कागद बदलायचे, गाडी पुढे घ्यायची. स्कूलमधल्या शिकाऊ लोकांना महिनाभर एवढाच धडा मिळाला. ते एकेक करून दुसरीकडे गेले. राहिल्या फक्त नर्सबाई. प्रसूतिगृहात जन्म काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रोज सकाळी येऊन त्या उभ्या गाडीत बसायच्या, गिअर बदलायच्या, आरशात पाहायच्या, नसलेल्या वळणाला हात दाखवायच्या.

"अजून सुकलं नाही का?" त्या विचारायच्या.

"सूर्यफूल अडलंय," ढब्बू सांगायचा.

"असू दे. मी आयुष्यभर लोकांना कळ काढा म्हणत आले. माझं मला येतं."

शेवटच्या रविवारी सूनबाईने अंगणात दोन टेबलं जोडली आणि सगळं मांडलं. जाड पांढरे कार्डशीट, सुती चिकटपट्टी, सुई-दोरा, बियांसाठी छोटी पाकिटं. प्रत्येक नमुना आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून किडे-अंडी मारलेला होता. महिनाभर या घरात बर्फ नव्हता आणि मटारही नव्हते. पुढच्या रविवारी चावी द्यायची होती. तिला कामाची धास्ती नव्हती. धास्ती होती ती बाबांची.

कारण बाबा पानाफुलांवर थांबेनात. त्यांनी फाटकाची कडी आणली, ती तिने पट्टीने बांधून बसवली. आईचं खुरपं आणलं, ते दोऱ्याने टाके घालून बसवलं. गोगलगाईंचे शंख, चारी वाफ्यांची माती चार पाकिटांत, कात्रीने कापलेला पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा. फाइल फुगून एखाद्या उशीसारखी झाली होती.

"बाबा, आता पाइपातलं पाणी आणू नका," ती म्हणाली.

बाबांनी हातातली बाटली हळूच टेबलाखाली ठेवली. "थोडंसंच होतं."

"बुरशी येईल. सगळं जाईल."

"बरं." ते खुर्चीत बसले आणि लेबलं लिहू लागले. लेबलं त्यांनी आपल्या जुन्या नोकरीच्या पद्धतीने आखली होती. गुलाब, तांबडा. बसवला: हिने. तपासला: स्वतः. स्थिती: समाधानकारक.

"झाड बसवत नाहीत, लावतात," सूनबाई म्हणाली.

"लावतात दिवा. हिने तासन्तास खाली बसून बसवलंय ते."

सूनबाईने गुलाबाच्या मागचा जाड देठ ब्लेडने अर्धा कापला, फूल सपाट केलं आणि लेबल खाली उजव्या कोपऱ्यात चिकटवलं. गुलाबाबद्दल मात्र तिने दोन दिवसांपूर्वी एक फोन केला होता, आणि तो बाबांना माहीत नव्हता.

ताई आली ती उन्हं डोक्यावर यायच्या आत, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. ती वकील होती आणि कोर्टाला सुट्टी असली की तिला चुकल्यासारखं व्हायचं. टेबलावर वारा लागून तिचे कागद उडायला लागले. तिने इकडेतिकडे पाहिलं, गाडीच्या मागच्या चाकापाशी एक वीट दिसली, ती काढून तिने कागदांवर ठेवली. त्या वेळी कोणाचंच लक्ष नव्हतं. ढब्बू नर्सबाईंना तिसरा गिअर समजावत होता आणि सूनबाई अंजिराच्या पानाशी झटत होती. अंजिराचं पान पुठ्ठ्याबाहेर जात होतं.

"मी एक तोडगा काढलाय," ताई म्हणाली. "शांतपणे ऐका. ढब्बू, इकडे ये."

ढब्बू गाडीतून उतरून आला. गाडीचं दार त्याने उघडंच ठेवलं.

"महिनाभर आपण भांडतोय की फाइल तुझ्याकडे का माझ्याकडे. मुद्दा काय आहे? तुझ्या घराला ओल आहे."

"एका भिंतीला आहे."

"तीन भिंतींना आहे," सूनबाई मान वर न करता म्हणाली. "वर्षभरात कागदाला बुरशी धरेल. खरं ते खरं."

ढब्बूने बायकोकडे पाहिलं. काल रात्रीपर्यंत ती त्याच्या बाजूने होती. "तू कोणाची?"

"मी नेच्याची," ती म्हणाली.

ताईला बळ आलं. "माझं घर नवव्या मजल्यावर. कोरडं ठणठणीत. फाइल तिथे शंभर वर्षं टिकेल. पण बाबा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत."

"आत काय असतं ते मी पाहिलंय," बाबा लेबलावरून म्हणाले.

"नऊ मजले ते चढणार नाहीत. ढब्बूचं घर पहिल्या मजल्यावर. म्हणजे सरळ आहे." तिने कागद पुढे सरकवला. "फाइल माझ्याकडे, बाबा ढब्बूकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फाइल खाली आणीन, बाबा ती बघतील."

बोलताना तिचा आवाज कोर्टातल्यासारखा खणखणीत होता, पण आत काहीतरी डळमळत होतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात ढब्बू आणि त्याची बायको घरात होती, आणि ताई फोनवर होती. तारखा होत्या, अशील होते, सगळं खरं होतं. तरी तेव्हापासून तिला या घरातून काहीतरी उचलून न्यायचं होतं. भांडी नको, पैसे नको. तिला वाळलेला पुदिना हवा होता, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

ढब्बूला वेगळंच टोचलं. "म्हणजे बाबांना ओल लागली तर चालेल?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"फाइलला बुरशी धरेल, आणि बाबांना धरणार नाही, असंच ना?"

"ढब्बू, शब्दांत पकडू नकोस."

"तुझा धंदाच तो आहे, ताई."

सूनबाईने सुई खाली ठेवली. "बाबांना सूर्यप्रकाशात बसवता येतं. कागदाला नाही बसवता येत. तो पिवळा पडतो." तिला हे समजावणीचं वाटलं होतं. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळे बाबांकडे बघतायत.

बाबांनी पेनला टोपण लावलं. ते रागावले नव्हते. तेलपाणी न केलेल्या यंत्राचा आवाज ऐकताना ते जसे मान तिरकी करायचे तशी त्यांनी केली.

"ताई, कागद छान केलास," ते म्हणाले. "आता एक काम कर. पंच आण. माझ्या डाव्या बाजूला चार भोकं पाड आणि मला पण आत लावून टाक. अंजिराच्या मागे जागा आहे."

"बाबा, काहीतरीच काय बोलताय."

"काहीतरी कसं? वजनात बसतो मी. पंच आण म्हटलं ना."

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात पंच उभे होते.

ते मुलांचे मामा, आईचे धाकटे भाऊ. फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून जन्म गेला. केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण चाल तीच राहिली होती: समोरचा नजरेआड होऊ नये म्हणून बोलता बोलता ते मागे मागे चालायचे. दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर आठवडाभरात, त्यांनी लिंबाच्या झाडाची मोठी फांदी कापली होती, आणि तेव्हापासून बाबा आणि ते बोलत नव्हते. मामांनी या फाटकातून पाय टाकला नव्हता.

"मला बोलावणं आहे," मामा म्हणाले.

"कोणाचं?" बाबांनी हवेत विचारलं.

सूनबाई म्हणाली, "माझं. मला गुलाबाचं कलम कुठून आलं ते विचारायचं होतं. फोन केला होता मी."

ताईने ढब्बूकडे पाहिलं आणि ढब्बूने ताईकडे. एका क्षणात बहीण-भाऊ एका बाजूला झाले. "तू आम्हाला न विचारता फोन केलास?" ढब्बू म्हणाला.

"तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्हाला पुदिना आणि कोथिंबीर वेगळी ओळखता येत नाही."

मामा टेबलापाशी आले. रस्ताभर त्यांनी मनात घोकलं होतं की आपण काही बोलायचं नाही, गुलाबाचं सांगायचं आणि निघायचं. दर रविवारी ते या बागेत यायचे, बहीण उकिडवी बसून खुरपायची, ते पाणी घालायचे, आणि दोघं मिळून शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढायची. गेली दोन वर्षं रविवारी ते घरात नुसते बसून होते. पण टेबलावर त्यांना पहिलंच लेबल दिसलं. गुलाब, तांबडा. बसवला: हिने.

सगळं घोकलेलं विसरून त्यांनी खिशातून पिवळ्या कार्डांचा गठ्ठा काढला. सामन्यातली जुनी कार्डं होती. सूनबाईने फोनवर फाइलीचं सांगितल्यापासून दोन रात्री बसून त्यांनी प्रत्येकावर मागे बारीक अक्षरात बागेतल्या एकेका गोष्टीबद्दल लिहिलं होतं. एक कार्ड त्यांनी गुलाबाच्या पानावर ठेवलं.

सूनबाईने वाचलं. "गुलाब. कलम आणलं मी, स्टेशनामागच्या रोपवाटिकेतून. खड्डा खणला मी. बहिणीने धरलं."

"धरलं?" बाबा म्हणाले. दोन वर्षांत मामांना उद्देशून हा त्यांचा पहिला शब्द होता.

"धरलं. खड्डा मी खणला, भाऊजी. तुम्ही खुर्चीत बसून किती फूट आहे ते विचारत होतात."

"कारण तुम्ही तिरका खणत होतात, मेहुणे."

"मी तिरका खणला म्हणूनच मुळं उतारावर धरली."

"सूनबाई, ते पिवळं काढ."

"काढू नकोस," मामा म्हणाले.

सूनबाईने दोन्ही लेबलं हातात घेतली. कपाटातल्या नमुन्यांवर तिने असं पाहिलं होतं. जुन्या चिठ्ठीवर नवी आली तरी जुनी काढायची नसते. तिने गुलाबाखाली पांढरं लावलं आणि त्याला चिकटून पिवळं. बाबांनी ते बघितलं आणि पुढचं पान ओढून घेतलं.

मग पुढे जे झालं त्याला जतन करणं म्हणता येणार नाही. नेच्याला दोन लेबलं, सूर्यफुलाला दोन, अंजिराला दोन. शंखांच्या पानावरही मामांचं कार्ड निघालं: गोगलगाई मी वेचल्या. खुरप्याच्या पानावर: मूठ मी बदलली. ताई मधूनच म्हणत होती की वादग्रस्त मजकूर दोन्ही पक्षांच्या सहीशिवाय लावता येणार नाही, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. ढब्बूने पाहिलं की यात आपलं काही काम नाही, आणि तो गाडीकडे परतला. पण तिथवर पोहोचायच्या आत लिंबाचं पान उघडलं गेलं.

"लिंबू," बाबांनी मोठ्याने वाचलं. "बसवलं: हिने. तोडलं: मेहुण्यांनी."

मामा मागे मागे चालू लागले. "तोडलं नाही, भाऊजी. छाटलं. फांदीला कीड होती."

"ती गेली त्या आठवड्यात कीड दिसली तुम्हाला?"

"आधीपासून होती. तिने मला सांगितलं होतं, मी बरी झाले की आपण दोघं मिळून कापू." मामा आणखी मागे गेले. "ती काही उठली नाही. मग मी कापली. काय करायला हवं होतं मी?"

"मला विचारायला हवं होतं."

"तुम्ही दार लावून बसला होतात."

याच वेळी नर्सबाई गाडीत एकट्या बसल्या होत्या. त्यांचा धडा अर्धवट राहिला होता. पाच मिनिटं वाट पाहून त्यांनी आपला नेहमीचा क्रम सुरू केला: आरसा, क्लच, न्यूट्रल, हँडब्रेक सोडा. रोज त्या हँडब्रेक सोडायच्या आणि काही व्हायचं नाही, कारण चाकाखाली वीट असायची. आज वीट ताईच्या कागदांवर होती.

गाडी प्लायवूडवरून अलगद खाली उतरली आणि मागे निघाली. मामा गाडीकडे पाठ करून वाटेच्या दिशेने मागे मागे चालत होते, हात उंचावून, लिंबाची बाजू मांडत. बागेतला सगळ्यात मोठा भोपळा सकाळीच वेलीवरून काढून वाटेच्या कडेला ठेवला होता. बाबांना तो फाइलीत हवा होता आणि तो कसा लावायचा हे ठरायचं होतं.

"ब्रेक," ढब्बू धावत म्हणाला. "बाई, ब्रेक."

"कुठला?" नर्सबाईंनी शांतपणे विचारलं, कारण शिकवायच्या गाडीला दोन असतात.

बाबा खुर्चीतून कधी उठले ते कोणाला दिसलं नाही. गेली दोन वर्षं ते जिना चढतानाही कठड्याला धरायचे. ते वाफ्यातून सरळ तुडवत गेले आणि त्यांनी मामांची कॉलर धरून असा हिसडा दिला की दोघंही पुदिन्यात बसले. गाडी त्यांच्या समोरून गेली. आधी एक जाड, ओला आवाज आला, मग गाडी किंचित वर उचलली गेली, खाली आली आणि थांबली. नर्सबाईंना ब्रेक सापडला होता.

भोपळा राहिला नव्हता.

नर्सबाई उतरल्या, पुदिन्यापाशी गेल्या आणि त्यांनी आधी मामांची नाडी पाहिली, मग बाबांची. "दोघंही ठीक आहेत," त्या म्हणाल्या, जणू आत खोलीत कोणीतरी बातमीची वाट पाहत होतं.

बाबांच्या मुठीत अजून कॉलर होती. "तुम्ही गेला असतात," ते मामांना म्हणाले, "तर ही पिवळी कार्डं कायमची तशीच राहिली असती. खोडून कोणाकडून घेणार होतो मी?"

"म्हणून ओढलंत?"

"मग कशासाठी?"

मामांनी बटण चाचपलं. ते तुटलं होतं. ताई टेबलापाशी आपल्या कागदांवरच्या विटेकडे बघत उभी होती. एवढ्या वर्षांत तिने खूप जणांना निष्काळजीपणावरून उलटतपासणीत घाम फोडला होता. ती हळूच जाऊन वीट चाकाखाली ठेवून आली आणि मग ढब्बूशेजारी उभी राहिली. ढब्बूने पाहिलं. तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल ताईने त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनातल्या मनात धन्यवाद दिले.

सूनबाई गुडघ्यांवर बसून भोपळा गोळा करत होती. गर गेला होता, पण सालीचा एक मोठा तुकडा एकदम सपाट झाला होता, आणि त्यावर टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती. तिने तो टीपकागदावर घेतला, उलटा केला, उजेडात धरला.

"इतका सारखा दाब मला महिनाभरात मिळाला नव्हता," ती म्हणाली.

तिने साल पुसली, कागदांच्या घडीत घातली, आणि त्यासाठी पुठ्ठा वेगळा काढला. साल वाळायला वेळ लागणार होता, पण लेबल आत्ताच हवं होतं. वाळवायला टाकलेल्या नमुन्यासोबत चिठ्ठी नसेल तर तो नमुना राहत नाही, असं ती म्हणाली. बाबांनी कपड्यांवरची माती न झटकताच पेन घेतलं. भोपळा, त्यांनी लिहिलं. बसवला:

पेन थांबलं. त्यांनी मामांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी नाही लावला."

"मीही नाही."

"तिनेही नाही लावला. तिला भोपळा आवडत नसे."

"वासच सहन व्हायचा नाही तिला," बाबा म्हणाले.

"लहानपणी ताटातला माझ्या ताटात टाकायची."

"लग्नानंतर माझ्या."

भोपळा लावणारं कोणीच नव्हतं. ती गेल्यावर, यंदाच्या पावसाळ्यात, कचऱ्याच्या खड्ड्यातून वेल निघाली होती आणि कोणी उपटली नाही म्हणून वाढली होती. बाबांनी लिहिलं: स्वतःहून आला. मामांनी वाचलं, खिशातलं पिवळं कार्ड चाचपलं आणि काढलं नाही. त्या पुठ्ठ्यावर एकच लेबल लागलं.

मग मामा घसा साफ करून म्हणाले, "फाइल माझ्याकडे द्या."

ताई आणि ढब्बू एकदमच म्हणाले, "का?"

"निम्मी लेबलं चुकीची आहेत. मला घरी बसून सावकाश दुरुस्त करावी लागतील."

"तुमच्या एकट्याच्या हाती?" बाबा म्हणाले. "म्हणजे सगळी बाग तुम्हीच खणली असं निघेल."

"मग तुम्ही सांगा कुठे चुकतंय ते."

"फोनवर? फोनवर दिसतं का लेबल?"

"नाही दिसत," मामा म्हणाले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं नाही. "घर कोरडं आहे माझं. मी एकटाच असतो."

बाबांनी फाइलचं झाकण दाबून पाहिलं. ते बंद होत नव्हतं. त्यांनी सूनबाईकडून सुती पट्टी मागितली आणि फाइल आडवी-उभी बांधली, भेटवस्तू बांधावी तशी.

"बाबा, असं कसं?" ढब्बू म्हणाला. "मी ओलीचं काम काढणारच होतो. गवंड्याशी बोललोय."

"मी लिफ्टचा दाखला मागवते," ताई म्हणाली. "नवी बसवून घेते. तुम्ही स्वतः तपासा."

सकाळपासून भांडणारी दोघं खांद्याला खांदा लावून उभी होती. बाबांनी दोघांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती एका बाजूला उभी आहेत असं क्वचितच दिसलं होतं.

"तुझी ओल बघायला येईन मी," ते ढब्बूला म्हणाले. "आणि तुझे जिने चढायला येईन, ताई. मजल्यामजल्यावर खुर्ची ठेव. पण मेहुण्यांवर कोणीतरी नजर ठेवायला हवी. राहायला नाही जात मी तिकडे. लक्ष ठेवायला जातोय."

"आणि मी काही त्यांना ठेवून घेत नाही," मामा म्हणाले. "मी फाइल नेतोय. तिच्यासोबत भाऊजी आले तर मी काय करणार?"

ताई कागदांवरून सारखी पुदिन्याच्या पानाकडे बघत होती हे सूनबाईने पाहिलं होतं, आणि ते पान तिने फाइलीतून आधीच सोडवून घेतलं होतं. दोन्ही लेबलांसकट ते तिने एका पाकिटात सरकवलं आणि ताईच्या पर्समध्ये, कागदांच्या मध्ये, ठेवून दिलं. ताईने पाहिलं. ती पर्स पोटाशी धरून उभी राहिली.

गाडी नर्सबाईंनी चालवली. त्या म्हणाल्या, एवढं झाल्यावर आता त्यांना रस्ता दाखवणं ढब्बूचं कर्तव्य आहे, आणि ढब्बूला ते नाकारता येईना. तो शेजारी बसला, पाय दुसऱ्या ब्रेकवर घट्ट ठेवून. मागे बाबा आणि मामा बसले, दोघांच्या मांड्यांवर आडवी फाइल. गाडी रस्त्यावरच्या सायकलींच्या मागे मागे निघाली, आणि महिनाभर एका जागी शिकलेल्या नर्सबाई प्रत्येक वळणाला बरोबर हात दाखवत होत्या.

मागून मामा म्हणाले, "वरची खोली देतो तुम्हाला. तिची होती ती, लग्नाआधी."

बाबांनी फाइलवरची गाठ उगाच घट्ट केली. "खिडकी कुठल्या बाजूला आहे तिला?"

"रस्त्याच्या. तुम्हाला माहीत आहे ना. खालून खडे मारायचात तुम्ही."

ढब्बूने आरशात पाहिलं. हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"एकच मारला होता," बाबा म्हणाले.

"एकाने काच फुटली. त्याआधीचे मी मोजलेत."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"पलंगाखाली. तिने लपवलं होतं मला, खालून तुम्हाला दिसू नये म्हणून. काच मी फोडली असं तिने घरी सांगितलं. मार मी खाल्ला."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"तिने सांगितलं नाही मला हे कधी," बाबा शेवटी म्हणाले. "आणखी काय काय सांगितलं नाही तिने?"

"पुष्कळ आहे," मामा म्हणाले. "सावकाश सांगेन."